आडवी नळी

प्रिय खारूताई,

हल्ली फोनवर तू 'सगळं ठीक आहे ना?' असं विचारतेस. पूर्वी 'काय चाललंय?' असं विचारायचीस. या दोन प्रश्नांत फरक आहे आणि तो मला कळतो. ज्याला उत्तर आधीच ठाऊक असतं, तो शेवटी 'ना' लावतो. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं हे खरं, पण माझं खरं शिक्षण झालं ते परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारताना. 'बाई, पेपर सोपा आहे ना?' असं लाडात विचारणाऱ्या मुलीच्या मोज्यात चिठ्ठी निघाली नाही, असं कधी झालं नाही. तेव्हा हे पत्र बसून, नीट वाच. फोनवर मी हे बोलणार नाही. फोनवर मी काही विचारलं की तुझ्याकडचा आवाज तुटतो. हवापाण्याच्या गप्पा चालू असतात तेव्हा तो कधी तुटत नाही.

आधी बातमी. बाबांची गाडी आता गाडीसारखी दिसायला लागली आहे. तू आली होतीस तेव्हा शेडमध्ये नुसता लोखंडी सांगाडा होता आणि तू त्याला 'पलंग' म्हणाली होतीस. आता त्या पलंगाला चाकं आहेत, भंगारातल्या व्हॅनचं इंजिन आहे आणि ते सुरूही होतं. आवाज असा येतो की मागच्या घरातल्या शिंपीणबाईंनी मशीन बंद करून विचारलं, काही पडलं का? छप्पर नाही. दारं होणार की नाही यावर घरात दोन मतं आहेत. माणसंही दोनच आहेत. आणि गेले काही आठवडे ब्रेकचं काम चाललंय. बाबांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला, त्यामुळे या कामाला ते जितका मान देतात तितका इंजिनालाही देत नाहीत. म्हणतात, पळवणं कोणालाही जमतं, माणूस जिवंत राहतो तो थांबवणाऱ्यामुळे. आणि प्रत्येक गोष्ट दोन हवी. एक दगा देईल तेव्हा दुसरी धरेल. म्हणून पुढच्या चाकांची नळी वेगळी, मागच्या चाकांची वेगळी. एक फुटली तरी दुसरीवर गाडी थांबते. इथपर्यंत मला काही म्हणायचं नव्हतं.

नळ्या टाकायच्या आधी त्यांनी सुतळी टाकली. पेडलपासून चाकांपर्यंत, जिथून नळी जाईल तिथून सुतळी न्यायची, प्रत्येक वळणाला चिकटपट्टी लावायची, आणि मग दोन दिवस नुसतं बघत बसायचं. दुसरं टोक धरायला मला बोलावलं होतं. सायलेन्सरपासून लांब ठेवायची, नाहीतर आतलं ऑइल उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि पाय दाबला की पेडल थेट जमिनीला जातं. सांगाड्याच्या खालून न्यायची नाही, दगड लागतो. पुढचं चाक वळतं तिथे रबरी नळी, तिला थोडी ढील. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून ती कुठे घासत नाही ना ते बघायचं. हे सगळं मला पटलं. मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "सुपरवायझरबाई, नळी जवळून नेली काय आणि लांबून, आडवी फिरवून नेली काय, दाब तेवढाच पोचतो ना?" मी म्हटलं, पोचतो, बंदिस्त द्रवातला दाब सगळीकडे सारखा, हे मी फळ्यावर लिहून लिहून हाताला खडू बसला. ते एकदम खूश झाले. इतके की मला संशय आला. नवऱ्याला नियम पटला म्हणून त्याला आनंद होत नाही. त्या नियमाने त्याचं काही काम होत असलं तर होतो. आणि 'ना' लावून विचारलं होतं, हे विसरू नकोस.

दुसऱ्या दिवशी माझ्या विणकामाच्या टोपलीतला लाल लोकरीचा गुंडा बारीक झालेला दिसला. माझा गुंडा मला माहीत असतो. शेडमध्ये गेले. पुढची सुतळी पांढरी, मागची तपकिरी, दोन्ही गाडीच्या लांबीने गेलेल्या. आणि एक लाल लोकर आडवी. ड्रायव्हरच्या शेजारची सीट येणार आहे तिथून निघून, इंजिनाच्या पाठच्या पत्र्याला धरून, थेट ड्रायव्हरच्या पेडलापर्यंत. मी विचारलं, अहो, हे काय? म्हणाले, "ते हातब्रेकचं." आता हातब्रेक तारेवर चालतो, त्याला नळी लागत नाही, हे त्यांनीच मला आठवड्यापूर्वी सांगितलं होतं. खोटं बोलायचं तर पाठांतर चांगलं लागतं. संध्याकाळी लोकर गायब झाली होती, पण तिच्या वाटेवर क्लिपांसाठी भोकं पाडलेली होती. लोकर काढता येते, भोकं कशी काढणार?

पहिला संशय टर्नरवर गेला. बाबांचे लेथवाले मित्र, तू त्यांना टर्नरकाका म्हणतेस. ते आले की शेडचं दार ओढून घेतलं जातं, आणि मी चहा घेऊन गेले की दोघं हवामानावर बोलायला लागतात. ज्या दोन माणसांनी आयुष्यात मान वर करून आभाळ पाहिलं नाही ती ढगांवर बोलायला लागली की समजावं. मला वाटलं, गाडी कोणाला तरी विकायची ठरली आहे, किंवा शर्यतीला न्यायचं खूळ डोक्यात आहे. टर्नरांना मी फाटकात गाठलं. अजून तोंडही उघडलं नव्हतं, तोच ते म्हणाले, "वहिनी, मला यात ओढू नका." ज्याला कशात ओढलेलंच नाही, तो असं म्हणतो का?

मग नटाचं प्रकरण झालं. तुला हे कदाचित माहीत नसेल, म्हणून सांगते. नळीचं तोंड यंत्राने दाबून फुलवावं लागतं, बिगुलासारखं, म्हणजे जोड घट्ट बसतो. पण त्याआधी नट नळीत ओवून घ्यायचा. तोंड फुललं की नट वरून जात नाही. राहिला तर नळी कापायची आणि पहिल्यापासून. मणी ओवायच्या आधी गाठ मारण्यासारखं आहे. सगळ्यांकडून होतं म्हणे. टर्नर म्हणाले, ज्याने अशी एक नळी फुकट घालवली नाही तो मेकॅनिकच नव्हे. बाबांकडून झालं तेव्हा ते खूप हसले. लगेच पुन्हा झालं तेव्हा हसले नाहीत. त्यानंतर किती वेळा झालं ते मला त्यांनी सांगितलं नाही, पण कचऱ्याच्या डब्यात बटाट्याच्या सालींखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेले नळीचे तुकडे मला सापडले. एका बाजूला तोंड फुललेलं आणि नट नाही, असे. चूक करणं एक आणि ती सालींखाली ठेवणं वेगळं. मी ते तुकडे पुन्हा तसेच गुंडाळून ठेवले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कामाच्या टेबलासमोर डोळ्यांच्या रेषेत दोऱ्याला एक नट टांगला आहे. आणि तोंड फुलवायच्या आधी आता मला हाक येते, "सुपरवायझरबाई, नट?" मी हातातलं टाकून जाते, बघते आणि म्हणते, आहे. दोघं हसतो. हसतो खरं, पण हाक मारल्याशिवाय ते यंत्राला हात लावत नाहीत.

त्यातच ते एका सकाळी नळ्या आणायला म्हणून गेले आणि नळ्यांशिवाय आले. बाही दुमडलेली, कोपराच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा. मी विचारलं, नळीवाला हल्ली रक्त घेऊन माल देतो का? म्हणाले, रक्तदान केलं. मी म्हटलं, तुमच्या वयाच्या माणसाचं रक्त कोणी फुकटही घेत नाही. ते म्हणाले, "माझ्याकडे बघून त्यांना वय कळलं नाही." बोलून बाहेर गेले, आणि कापूस काढून खिशात ठेवताना मला खिडकीतून दिसले. मी पुढे विचारलं नाही. शाळेतही माझा नियम होता. चिठ्ठी दिसली की झडप घालायची नाही. मुलगी कुठलं उत्तर शोधतेय ते आधी बघायचं.

आता तुझ्याकडे येते. मागच्या खेपेला तू आणि बाबा 'भंगारात स्टिअरिंग बघायला' गेलात, ते जेवण निवून गेलं तरी आला नाहीत. आलात ते स्टिअरिंगशिवाय. तुझे डोळे लाल होते. तू म्हणालीस, धूळ गेली. एका वेळी दोन्ही डोळ्यांत सारखीच धूळ गेलेली मी प्रथमच पाहिली. त्यानंतर तुझं पार्सल आलं. वर बाबांचं नाव, अक्षर तुझं, आणि बाजूला 'पुस्तकं' असं लिहिलेलं. बाबांनी ते छातीशी धरून शेडमध्ये नेलं. मी ते उघडलं नाही, एवढी मी खाली उतरलेली नाही. फक्त उचलून बघितलं आणि चाचपलं. पुस्तकाला बिजागरी नसते. लहानपणी तू पेन्सिली, खोडरबर, दुधाचे पडलेले दात, सगळं कुठे कुठे दडवायचीस आणि मग दडवल्या जागी सारखी जाऊन बघायचीस. त्यावरूनच मला सापडायचं. म्हणून तुझं नाव खारूताई पडलं. आता दर फोनला विचारतेस, "बाबा शेडमध्ये काय करतायत?" अजून तशीच जाऊन बघतेस.

तू विसरली असशील, आपल्या जुन्या गाडीत माझ्या बाजूचं पायपुसणं एकाच जागी विरलं होतं. बाबा चालवायचे, मी शेजारी, आणि समोर काही आलं की माझा उजवा पाय जमिनीत रुतायचा. तुम्ही दोघांनी त्याला 'आईचा ब्रेक' नाव ठेवलं होतं. तू मागच्या सीटवरून ओरडायचीस, आईने ब्रेक दाबला, आई थांबली, गाडी कधी थांबणार? बाबा म्हणायचे, गाडी विकताना सांगावं लागेल की या गाडीला दोन ब्रेक आहेत, एक चालतो आणि एक नुसताच झिजतो. मला तेव्हा फार राग यायचा. मी काही हौसेने दाबत नव्हते. शेजारी बसलेल्या माणसाला सगळं दिसतं आणि हातात काहीच नसतं, हे चालवणाऱ्याला कसं कळणार?

आता माझ्याकडचं सांगते, म्हणजे हिशेब बरोबरीत येईल. मी दुपारी वाचनालयाच्या कमिटीला जाते असं सांगून निघते, ते वाचनालयात जात नाही. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाते. हसू नकोस. शिकवणारा बाप्या माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा आहे, मला 'आजी' म्हणाला होता. आता 'मॅडम' म्हणतो. पहिल्याच दिवशी चौकात मी जरा उशीर केला, तर माझ्या पायाखालचं ब्रेकचं पेडल आपोआप खाली गेलं. माझा पाय वरच होता. मी दचकून बघितलं, तर त्याच्या बाजूलाही एक पेडल. त्याने तिकडे दाबलं की माझ्याकडचं दबतं. म्हणाला, "मॅडम, हे असतंच. तुम्हाला सुचलं नाही तर मला सुचायला हवं." मी गाडी कडेला घेतली आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले. त्याला वाटलं मी घाबरले. मला डोळ्यांसमोर लाल लोकर दिसत होती. शेजारच्या सीटच्या जागेवरून निघालेली, पत्र्याला धरून गेलेली, पेडलापाशी संपलेली. आणि तुझ्या पार्सलमधली बिजागरी. ती पेडलाची होती.

बाबांनी माझ्यासाठी खरा ब्रेक केला आहे. थट्टेचा नव्हे. आणि लिफ्टवाला माणूस दुसरा ब्रेक का लावतो, हे त्याच्या बायकोला शिकवावं लागत नाही. पहिला दगा देईल असं त्याला कळलेलं असतं तेव्हा.

मी ड्रायव्हिंग स्कूल का गाठलं, तेही सांगून टाकते. शिंपीणबाईंची व्हॅन घेऊन आम्ही पत्रे आणायला गेलो होतो. येताना बाबा आपली गल्ली सोडून पुढे गेले. मला वाटलं काही घ्यायचं असेल. पुढच्या चौकात त्यांनी गाडी मधोमध थांबवली, मागून लोक हॉर्न वाजवत होते, आणि हसत मला म्हणाले, "चला, सुपरवायझरबाई, तोंडी परीक्षा. इथून घरी कसं जायचं?" मीही हसत सांगितलं. डावीकडे, मग पाण्याच्या टाकीपाशी पुन्हा डावीकडे. त्यांनी बरोबर तशी गाडी घेतली. स्टिअरिंगवरचे त्यांचे हात मात्र हसत नव्हते. तुला कदाचित याहून जास्त माहीत असेल. ज्या डॉक्टरकडे तू त्यांना घेऊन गेलीस त्यांनी काही नाव दिलं असेल. ते तू मला सांगू नकोस. त्यांना सांगावंसं वाटेल तेव्हा मी ऐकेन. तुझ्यावर मी रागावले होते, पण आता रागावलेली नाही. त्यांनी तुझ्याकडून शपथ घेतली असणार, आणि पार्सल पाठवणं हे तुझं त्यातल्या त्यात बोलणं होतं.

गेल्या रविवारी नळ्यांत ऑइल भरलं. आतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी आडवं होऊन बारीक नट सैल करायचा, हवा गेली की आवळायचा. सीट अजून बसवलेली नाही, म्हणून मी पत्र्याच्या डब्यावर बसून दाबत होते. ते खालून सांगायचे, दाब, धर, सोड. पुढची दोन्ही चाकं झाली. मागच्याला त्यांनी 'धर' म्हटलं आणि मग गप्प झाले. मी धरून बसले. बराच वेळ. पाय थरथरायला लागला, पण सोडला असता तर हवा परत आत गेली असती आणि सगळं काम वाया. शेवटी खालून आवाज आला, "अगं, अजून धरलंयस?" मी म्हटलं, तुम्ही सोड म्हणाला नाहीत. नट आवळला गेल्याचा आवाज आला, मग 'सोड'. बाहेर आले तेव्हा हाताचं ऑइल पुसत बसले, हात स्वच्छ झाल्यावरही पुसत होते. मी विषय काढू शकले असते. काढला नाही. मी एकदा तोंडाने म्हटलं की तुम्ही विसरता, की ही गाडी तिथेच राहील. मग ते नळीला हात लावणार नाहीत, नट ओवायला मला हाक मारणार नाहीत, शेडला कुलूप लागेल. त्यांना मी ओळखते. आणि मला ती गाडी रस्त्यावर हवी आहे, ते आत बसलेले हवे आहेत.

म्हणून हे पत्र. ड्रायव्हरची सीट ते आपल्या पायाच्या मापाने बोल्ट मारून कायमची बसवणार आहेत. जागेवर खुणा झाल्या आहेत. ते टर्नरांकडे गेले असताना मी सीट त्या खुणांवर ठेवून बसून बघितलं. माझ्या पायाचा अंगठा तेवढा ब्रेकला लागतो. पाठीमागे उशी घालून गाडी चालवायची मला लाज वाटते. सीटखाली पुढे-मागे सरकणाऱ्या पट्ट्या हव्यात. मी सांगितलं तर कारण विचारतील. तुझं ते ऐकतात. तू फोनवर सहज म्हण, बाबा, मी आले की मलाही चालवायची आहे, सीट सरकती करा. तू उंचीने त्यांच्याएवढीच आहेस, तुला सरकत्या सीटची गरज नाही, हे त्यांच्या लक्षात येणार नाही असं मला वाटतं. आणि आलंच तर येऊ दे. पाय कोणाचा पोचत नाही, हे शोधायला त्यांना घराबाहेर जावं लागणार नाही. आणि ती आडवी नळी काढा असं मी कधीच म्हणणार नाही. पेडल आहे तिथेच, शेजारच्या सीटपुढे राहू दे. फक्त त्या सीटवर ते बसतील. आयुष्यभर मला हसले. आता बघू, शेजारी बसून त्यांना तरी पाय आवरतो का.

तुझीच,
अजून तरी शेजारच्या सीटवरची,
आई